हशाची जागा

“पुढचं वाक्य मी बोललो होतो. हो ना रे? का मनातच राहिलं?”

रेडिओ केंद्राच्या जिन्यात नकल्यानं कानसेनची बाही धरून ठेवली होती. तासाभरानं वर केंद्रप्रमुख मॅडमच्या खोलीत त्याचा निकाल लागायचा होता. बारा वर्षं दर शनिवारी शहराला हसवणारा हा माणूस, पण चार दिवसांत त्याचं तोंड पार सुकून गेलं होतं. “आठवत नाही बुवा,” कानसेन म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण बाही सोडवून घेताना त्याला बरंही वाटलं नाही.

कानसेन हा केंद्रावरचा ध्वनिमुद्रक. नोकरीला लागला तेव्हा कुणाच्या घशात खरखर आहे हे तो दाराबाहेरून सांगायचा, म्हणून हे नाव पडलं. आता निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. नाव तेवढं टिकून होतं.

प्रकरण असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी शहरातल्या धुलाई कारखान्याला आग लागली आणि सहा बायका आत जळून गेल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. मग गेल्या आठवड्याच्या कार्यक्रमात, सभागृहात दीडशे माणसं समोर बसलेली असताना, नकल्या म्हणाला, “सहा बायका. किती दिवस मालकाकडं सुट्टी मागत होत्या म्हणे. मिळाली एकदाची.” शनिवारी हे रेडिओवर लागलं आणि त्यामागोमाग चार सेकंद लोक पोट धरून हसले. रविवार उजाडेपर्यंत तेवढा तुकडा घरोघरच्या फोनवर गेला होता.

उपाहारगृहात दोन तट पडले. एक म्हणे, विनोदाला विनोद म्हणून घ्यावं, एवढ्यासाठी माणसाच्या पोटावर पाय द्यायचा का? दुसरा म्हणे, हेच जरा त्या सहा घरी जाऊन सांगून या. कानसेननं दोन्ही तटांना मान डोलावली होती. कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, हे त्याचं जुनं धोरण.

नकल्या म्हणत होता की त्याच्यापुढं तो आणखी एक वाक्य बोलला होता, मालकावरचं. पण रेडिओवर लागलं त्यात ते कुठंच नव्हतं. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यात स्टेजवर डोळ्यांत दिवे; तिथं काय झालं ते त्यालाच धड सांगता येईना. शेवटी त्याचा स्वतःवरचाही विश्वास उडाला होता.

कानसेन खाली आपल्या खोलीत गेला आणि त्यानं मूळ मुद्रण लावलं. ते पंधरा दिवस ठेवून मग पुसून टाकायची पद्धत होती. हे अजून शिल्लक होतं. त्यानं हेडफोन चढवला.

“मिळाली एकदाची.” आणि पुढं कुणीच हसलं नव्हतं. दीडशे माणसं नुसती बसून होती. एक खुर्ची करकरली. मागून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. मग नकल्याचा आवाज आला, नकलेतला नव्हे, त्याचा स्वतःचा, अगदी खाली गेलेला: “बाहेरून कुलूप लावणारा मात्र रोज कामावर जातोय.”



नकल्याला मिळालेलं हसू पातळ पडलं की वरून भर घालायची, हे काम त्याचंच. संगणकात अठरा हशे साठवलेले होते आणि त्यांना त्यानंच नावं दिली होती. तोंडावर पदर धरून हसलेली ‘सासुरवाशीण’, मान राखायला हसलेला ‘जावई’, आणि सगळ्यांत मोठा ‘पोटधरू’. नकल्या थांबला की ती हशाची जागा. पूर्वी तो ऐकून भरायचा. अलीकडं हेडफोन गळ्यातच असायचा. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट दिसली की तिथं एक हशा ओढून टाकायचा. त्या शुक्रवारीही रेघ सपाट होती. मध्ये एक बारीकसा उंचवटा दिसला, तो त्याला खोकला वाटला. त्यावर त्यानं पोटधरू टाकला आणि चहाला गेला.

त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. मेलेल्या बायकांना शहर हसलं असं सगळ्यांना वाटलं, ते त्याच्यामुळं.

त्यानं घरी फोन लावला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “तुम्हाला कुणी विचारलंय का?” ती म्हणाली. नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, मग आपण होऊन कशाला आगीत हात घालताय. तीन वर्षं राहिलीत अहो. तिचं काही चुकत नव्हतं. केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खरे श्रोते, खरं हसू’. मग त्यानं लॅपटॉप उचलला आणि जिना चढला.

मॅडमच्या खोलीत नकल्या हात बांधून उभा होता. समोर खुर्चीच्या कडेवर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स. त्या सहांतल्या एकीची आई. माफी त्यांच्यासमोर मागितली जावी म्हणून मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं होतं. टेबलावर नकल्याला काढून टाकल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं, फक्त सही राहिली होती.

मूळ मुद्रण आहे, दोन मिनिटं द्या, असं कानसेन म्हणाला. मॅडमनी डोळ्यांनीच नको म्हटलं. त्यानं ते पाहिलं आणि तरी बटण दाबलं.

पुढचं वाक्य ऐकू आलं तसा नकल्याचा चेहरा उजळला. “बोललो होतो,” तो पुटपुटला. “बोललो होतो मी.”

“मग हसलं कोण?” बाईंनी विचारलं.

“कुणीच नाही, मावशी. ते मी घातलं. मशीनमधलं आहे.”

नकल्या हळूहळू कानसेनकडं वळला. जीव वाचवणाऱ्याकडं माणूस असं बघत नाही.

“तेवढंच घातलंस?”

कानसेननं मान खाली घातली. खोटं बोलायची सवय होती, पण आता ते जमेना.

“किती?”

“निम्मं तरी असेल.”

नकल्यानं भिंतीला हात टेकला. दर शनिवारी बायकोमुलांना घेऊन तो स्वतःचा कार्यक्रम ऐकायचा, हे कानसेनला ठाऊक होतं.

मॅडमनी घसा साफ केला. त्या म्हणाल्या की हशा कुणाचाही असो, सुट्टीचं ते वाक्य ह्यांचंच होतं, आणि आता एकाऐवजी दोन पत्रं लागतील. मग त्यांनी बाईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं.

“ह्यांना ठेवा नाहीतर काढा, ते तुमचं तुम्ही बघा,” बाई म्हणाल्या. “मला ते बोलणं तेव्हाही नको होतं, आताही नको. कुलपाचं मला कुणी वेगळं सांगायला नको. पोरीला ओळखायला मीच गेले होते.”

नकल्यानं माफी मागायला तोंड उघडलं. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि कानसेनला म्हणाल्या, “परत लावा.”

“मालकाचं वाक्य?”

“ते नको. त्याच्या आधीचं. सगळे गप्प बसले होते ना, तेवढंच.”

कानसेननं पट्टी मागं नेली आणि आवाज पूर्ण वाढवला. खुर्ची करकरली. मागून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. चार दिवस ज्यांच्या कानात शहराचं हसू होतं त्या बाई पुढं वाकून, डोळे मिटून ऐकत होत्या. संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसतं बोट वर केलं, आणि कानसेननं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.