पाटकरांचं नेट रोज बिघडतं

उत्तम पाटकरने ऑफिसचं नेटवर्क अठरा वर्षं सांभाळलं, आणि अठरा वर्षं ते फोनवरून सांभाळलं. नेट बंद पडलं की हा ज्यांच्याकडून मशीन घेतलंय त्यांना फोन लावायचा, त्यांचा माणूस येऊन करून जायचा, आणि उत्तम साहेबांना मेल टाकायचा, 'प्रॉब्लेम सुटला'. हाताला कधी वायर लागली नाही. मस्त चाललं होतं.

जानेवारीत साहेबांनी फर्मान काढलं. एकतीस मार्चच्या आत नेटवर्किंगची ॲडव्हान्स सर्टिफिकेट परीक्षा पास व्हायची. जो पास तो इथे, जो नापास त्याची बदली इंदूरला.

उत्तमच्या तोंडचं पाणीच पळालं. लग्न केलेलं नाही, घरात फक्त आई. आणि अनसूयाबाई पाटकर जेसल पार्कमधलं घर सोडून हलणाऱ्यातल्या नव्हत्याच.

"तू जा हो," त्या म्हणाल्या. "माझे गुडघ्याचे डॉक्टर इथे, भजनाच्या बायका इथे. मी तिथे जाऊन काय करू, सकाळ-संध्याकाळ पोहे खाऊ?"

फेब्रुवारीत पहिल्यांदा बसला आणि आपटला. पर्याय निवडायचे प्रश्न त्याने क्लास लावून घोकून ठेवले होते, ते जमले. पण मधेमधे स्क्रीनवर एक बिघडलेलं नेटवर्क द्यायचे आणि सांगायचे, दुरुस्त कर. तिथे उत्तमला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. पुन्हा बसायची तारीख मिळाली वीस मार्च. शेवटचा चान्स.

त्याच आठवड्यात घरचं नेट स्लो झालं म्हणून पिंकी आली. पिंकी जवळच्याच राई गावातली, वय एकोणीस, नववीत शाळेला रामराम ठोकलेला. तिचा दाजीमामा या भागातल्या तीसेक बिल्डिंगांना इंटरनेट द्यायचा, आणि त्या तीस बिल्डिंगांची सगळी मशीनं पिंकीच्या हातात. डोकं तेज आणि राग नाकावर. वायर तपासता तपासता तिला टेबलावर उत्तमचं जाडजूड पुस्तक दिसलं. तिने दोन-चार पानं उलटली आणि फिस्सकन हसली.

"काका, हे तर मी रोज करते. याला एवढी मोठी मोठी नावं असतात ते माहीत नव्हतं."

"तू? शिकलीयस किती?"

झालं. पिंकीने पुस्तक धाडकन मिटलं. "नेट तुमचा स्लो हाय ना? मग शाळेला फोन लावा, शाळा येऊन करून देईल!"

आतून अनसूयाबाई ओरडल्या, "उत्तम, भांडू नको तिच्याशी! तिलाच ठेव शिकवायला. तुझ्या त्या क्लासवाल्याने काय दिवे लावले ते बघितलं मी."

पिंकी दारातून वळली. तिने पुस्तकाकडे बघितलं, मग उत्तमकडे. "शिकवीन. पण हे पुस्तक मला वाचायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने खिशातून कटर काढून त्या पुस्तकाचे सरळ पाच तुकडे केले. उत्तम मटकन खुर्चीत बसला. "अख्खं कोण उचलून फिरणार?" पिंकी म्हणाली. "एक तुकडा मी नेते, चार तुमचे."

शिकवायची तिची पद्धत मात्र कुठल्याच क्लासमध्ये नव्हती. दाजीमामाच्या गोडाऊनमधून तिने दोन जुने राऊटर आणि एक स्विच आणला. पाटकरांचं इंटरनेट त्यांच्यातून फिरवून टीव्हीपर्यंत नेलं. अनसूयाबाईंची मालिका त्या टीव्हीवर नेटवरूनच यायची, रोज संध्याकाळी सातला. पिंकी साडेसहाला यायची, लॅपटॉप उघडून काहीतरी मोडून ठेवायची आणि म्हणायची, "करा सुरू." उत्तमकडे अर्धा तास. सात वाजून एक मिनिट झालं की आतून अनसूयाबाई.

पहिल्या दिवशी सव्वासात झाले. "आमच्या घरात इंजिनिअर आहे म्हणे!" अनसूयाबाई शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "फोन लाव कोणालातरी, तेवढं येतं तुला!"

उत्तमला घाम फुटला. पण घाम फुटला की माणूस शिकतो. एकदा पिंकीने असा नियम टाकला की सगळ्यांचे मोबाईल चालू, फक्त टीव्ही बंद. एकदा तिने दोन मशीनला एकच पत्ता देऊन ठेवला, दोघं आपसात भांडत बसले. एकदा दोन्ही राऊटर चालू, वायरी नीट, पण एकमेकांशी बोलायलाच तयार नाहीत.

"बघा ना नीट," पिंकी वैतागली. "हा दर दहा सेकंदाला हाय बोलतो. त्या दुसऱ्याला मी पंधरा सांगून ठेवलंय. टायमिंगच जुळत नाही तर दोस्ती कशी होणार?"

उत्तमने आकडा बदलला. सात वाजायला चार मिनिटं कमी असताना टीव्हीवर मालिकेचं गाणं लागलं. त्याला वाटलं, आपण खाडीवरचा पूल बांधलाय.

दोन आठवड्यांत तो वीस मिनिटांवर आला. मग सोसायटीत छाती काढून चालायला लागला. लिफ्टमध्ये लोकांना, न विचारता, वायफायचे सल्ले द्यायला लागला. पिंकीने ते बघून ठेवलं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी ती आली, लॅपटॉप उघडला, बंद केला. "करा सुरू."

उत्तम तुटून पडला. पहिला राऊटर बघितला, एक ओळ विचित्र वाटली, उडवली. दुसऱ्यातला आकडा बदलला. स्विचमधलं पण काहीतरी बदलून बघितलं, मग अजून काहीतरी. साडेसहाचे पावणेसात झाले, पावणेसातचे सात. टीव्ही काळाठिक्कर. अनसूयाबाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय मोडलंयस तू?" शेवटी उत्तम ओरडला.

"काहीच न्हाय," पिंकी म्हणाली. "मी हातच नाही लावला. टीव्ही चालूच होता. तुम्ही एकदा तरी बटण दाबून बघितलं? जे मोडलं ते तुम्ही मोडलं."

उत्तमचा चेहरा लाल. "तीन दिवसांवर परीक्षा आहे! नोकरीचा प्रश्न आहे, आणि तुला मस्करी सुचते? शाळेत पण हेच केलं असशील, म्हणून हाकलली!"

पिंकी उभी राहिली, तिचे डोळे बारीक झाले. "हाकलली न्हाय. मीच निघाले. आणि आता इथून पण निघते." दारात चप्पल घालताना वळली. "जा इंदूरला!"

पायऱ्यांवरून तिच्या चपला खाडखाड वाजत गेल्या. अनसूयाबाई लेकाकडे बघत राहिल्या. "मालिका गेली ती गेली," त्या म्हणाल्या, "पोरीला बोलायचं काय कारण होतं?" त्या दिवशी त्यांनी त्याला नुसता वरण-भात वाढला, वर तूप नाही.

सकाळी उत्तमने सुट्टी टाकली. पिंकीला फोन लावला, तिने कापला. परत लावला, परत कापला. मग त्याने फोन ठेवला, वही घेतली आणि कुठली वायर कुठून कुठे जाते ते पहिल्यांदाच कागदावर काढलं. काय चालतंय आणि काय नाही ते लिहिलं. एक गोष्ट बदलायची, बघायची, फरक नाही पडला तर परत होती तशी करायची. दुपारचं जेवण झाल्यावर टीव्ही लागला. दाखवायला कोणीच नव्हतं. त्याने फोटो काढून पिंकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'चुकलो. शाळेचं बोलायला नको होतं.' दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिने वाचलं होतं.

वीस मार्चला सकाळी तो बिल्डिंगच्या गेटवर रिक्षा बघत होता, तर समोर स्कूटर.

"बसा," पिंकी म्हणाली.

सेंटर मालाडला होतं. दहिसरला ट्रॅफिक तुंबलेलं. एका टेम्पोवाल्याने मधेच गाडी घातली तशी पिंकी सुरू झाली, "अरे भाई, सपने में है क्या? इंडिकेटर शो के लिए लगाया है?" उत्तमने मागे डोळे मिटून घेतले. आपल्यावरचा राग टेम्पोवाल्यावर निघतोय ते त्याला कळत होतं, आणि बरंही वाटत होतं. सेंटरसमोर हेल्मेट परत घेताना ती एवढंच म्हणाली, "फोटोत तुमची एक वायर वाकडी होती."

आत मोबाईल, घड्याळ, पाकीट, सगळं लॉकरमध्ये. या परीक्षेत पुढे गेलं की मागे येता येत नाही; एकदा बटण दाबलं की तो प्रश्न गेला. पहिला तास ठीक गेला. मग आलं बिघडलेलं नेटवर्क: दोन ऑफिसं, एकाला दुसरं दिसत नाही. उत्तमचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

मग त्याने कच्च्या कामासाठी दिलेल्या पाटीवर चित्र काढलं. अर्धं नेटवर्क ठणठणीत होतं, त्याला हात लावला नाही. एका जागी एक ओळ फार संशयास्पद दिसत होती. बोटं शिवशिवली, पण तिच्यामुळे काही अडत नव्हतं, म्हणून सोडली. खरी गडबड तिसऱ्या राऊटरमध्ये निघाली, एका आकड्याची. बदलला. दोन्ही ऑफिसं बोलायला लागली. पुढचं एक मात्र अजिबात जमलं नाही. वेळ संपत आलेला, त्याने दात-ओठ खाऊन बटण दाबलं आणि पुढे गेला. सोडताना जीव तुटला, पण सोडलं.

निकाल काउंटरवर छापून मिळतो. उत्तमने कागद उलटाच घेतला. काउंटरवरची मुलगीच म्हणाली, "सर, सीधा तो करो. पास हो आप."

खाली पिंकी वॉचमनशी पार्किंगवरून भांडत होती. उत्तमने नुसता कागद पुढे केला. पिंकीने तो ओढला. वर 'पास' लिहिलेलं, खाली प्रत्येक विषयाचे टक्के. वरचं सोडून तिने खालचंच वाचलं.

"सिक्युरिटीत चोपन्न?" तिचा आवाज चढला. "चोपन्न! चार दिवस तेच शिकवत होते ना मी? कुठे लक्ष होतं?"

"अगं, पास झालो! राहिलो इथेच!"

"ते ठीक हाय. पण चोपन्न?"

वॉचमन हसायला लागला तर त्याला पण दोन शब्द मिळाले. उत्तमने कागदाचा फोटो ऑफिसला पाठवला, आईला फोन केला. अनसूयाबाई म्हणाल्या, "बरं झालं, येताना कोलंबी आण. आणि तिला जेवायलाच घेऊन ये." फेब्रुवारीत घाबरून चौकशी केली होती त्या इंदूरच्या भाड्याच्या घरांचे फोनमध्ये सतरा मेसेज येऊन पडले होते, टू बीएचके, पार्किंगसह, स्टेशनपासून जवळ. पिंकी सिक्युरिटीवर बोलतच होती. उत्तम मान डोलवत, अंगठ्याने एकेक मेसेज उडवत, स्कूटरवर मागे बसला.