भिंतीवरून उतरणारे सासरे

हाजी दुसूकी वारले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मुलीच्या स्थळांना नकार द्यायचं त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

दुम्यात शहराच्या सुतारआळीत वगदीचं तसबिरींना काचा बसवायचं दुकान होतं. त्याच्या मनात हाजींची मुलगी नशवा होती आणि नशवाच्या मनात तो. तिची आई इन्शिराहबाई हिच्या मनात काय आहे, ते मात्र भिंतीवरची तसबीर ठरवायची. वगदीच्या आईने मागणी घालायला पहिल्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात हाजी धाडकन खाली आले. काच फुटली.

"काच फुटली, पीडा गेली," वगदीची आई सवयीने म्हणाली.

"कसली जाते! चपला काढून पुढ्यात बसलीय," इन्शिराहबाई म्हणाल्या. "ह्यांना पसंत नाही. जिवंतपणी खुर्चीतून उठायचे नाहीत, आज भिंतीवरून उतरले!"

पण आळीत काच बसवणारा वगदीच. बाईंनी नाक मुरडून तसबीर त्याच्याच दुकानात धाडली. वगदीने हाजींच्या मिशांवरचा चुरा मऊ ब्रशने झाडला आणि हिरकणीने नवी काच कापली. होणाऱ्या सासऱ्यांना साधी काच कशी घालायची? त्याने जरा जाड घातली.

पुढच्या खेपेला विषय निघाला आणि हाजी पुन्हा उतरले. वगदीने आणखी जाड काच घातली. तीही गेली. मग त्याने मिठाईवाल्याच्या शोकेसमधली उरलेली काच लावली. हिच्यावर हातोडा घातला तर हातोड्याला लागायचं. त्या खेपेला वगदीची आई नुसती "सलाम" म्हणाली आणि हाजी आले. काच शाबूत राहिली. फरशी फुटली.

निखळलेली चौकट घेऊन या वेळी नशवा स्वतः आली. तिने तसबीर दाणकन टेबलावर ठेवली.

"बाबा हयात असताना एवढे जड नव्हते," ती म्हणाली. "अरे शहाण्या, खिळा उंदराच्या शेपटीएवढा! त्याला तू अख्खं दुकान टांगलंस."

"पण पहिल्यांदा साधीच काच होती ना?"

"तेव्हा मी पुसून घाईत अर्धवट अडकवली होती. पुढची सगळी तुझी करणी."

"मग आईला सांग की!"

"सांगितलं. ती म्हणते, खिळ्यालाही बाबांनीच पढवलं असेल."

वगदीने पापडासारखी पातळ काच घातली आणि तसबीर स्वतः जाऊन टांगली. खिळा तोच ठेवला. काचवाल्याला काच दिसते, खिळा दिसत नाही.

मग मायलेक मशब्बक घेऊन गेले. दुम्यातची ही जिलबी तोंडात असली की माणसाला पटकन नाही म्हणता येत नाही. मागणी घातली. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. हाजी जागच्या जागी होते.

"अहो, बोला ना काहीतरी!" इन्शिराहबाई म्हणाल्या.

हाजी ढिम्म.

बाईंनी डोळ्याला ओढणी लावली. "रुसले! आत्ता कुठे बोलायला लागले होते. ते हो म्हटल्याशिवाय मी पोर देणार नाही."

नकार वगदीने बंद केला होता, पण होकार द्यायची सोय त्या चौकटीत नव्हती.

त्याच्या आईने मशब्बक गिळला. "इन्शिराह, निकाहाला नवरीला विचारतात आणि ती गप्प बसते, तेव्हा काय धरतात?"

"होकार."

"मग झालं तर!"

"अगं, ती लाजरी पोर असते. ह्यांना एवढ्या मिशा आहेत!"

"मिशीवाल्यांनी लाजू नये असं कुठे आहे?"

इन्शिराहबाईंनी तसबिरीकडे निरखून पाहिलं. "खरंय बाई. आमच्या लग्नात माझ्यापेक्षा हेच जास्त लाजत होते," त्या म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या. "दिली पोर!"

शेजारीण उम्म हिशाम पहिल्या मागणीपासून दाराआड कान लावून होती. तिने आत येऊन जीभ हलवत आनंदाची अशी किंकाळी फोडली की खिळा सुटला. हाजी थेट मशब्बकाच्या ताटात उतरले. पातळ काचेचा चुरा झाला.

नशवाने वगदीकडे पाहिलं. वगदीने हाजींकडे पाहिलं. हाजींच्या मिशीला पाक लागला होता.

"असे काय बघता?" इन्शिराहबाई खेकसल्या. "काच फुटली, पीडा गेली! सरबत आणा कोणीतरी. आणि जावईबापू, येताना काच घेऊन या."

वगदीने माप घेतलं नाही. त्याला ते पाठ होतं. जाताना त्याने खिळा तेवढा खिशात टाकला.