नऊ वारांची खोली

शकुनला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज खरा. पण माहेरी आईच नसेल तर जायचं कुणाकडे? म्हणून बाळंतपण कलकत्त्यालाच करायचं ठरलं, आणि सासूबाई साताऱ्याहून दोन रात्रींचा प्रवास करून भवानीपुरातल्या बिऱ्हाडी दाखल झाल्या.

मागची खोली बाळाची. एरवी तिथं कोळशाची पोती नि मोडक्या खुर्च्या असत. शकुननं ती मागून घेतली, झाडून घेतली, आणि तिचा सगळा बेत एका लुगड्यावरून आखला. तिच्या आईचं निळं नारायणपेठी, तांबड्या काठांचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. शकुन सहा वर्षांची असताना आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. मागं उरलं ते एवढंच.

भिंतींना चुना देताना तिनं रंगाऱ्याला नीळ वाढवायला लावली. लुगड्याचा पदर भिंतीला लावून ती म्हणे, "अजून थोडी." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो हसला, पण रंग जुळला. मधल्या भागाची झोळी, काठाचा पडदा, पदराची कुंची, उरलेल्याची दुपटी. नऊ वारांत अख्खी खोली बसत होती. दोन महिने ती मनातल्या मनात कापत होती. कात्री लावायला मात्र हात धजत नव्हता.

त्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडून परतली, तर लुगड्याची खुंटी रिकामी.

"आई, इथलं लुगडं कुठंय?"

"ते होय?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "बासनवाली आली होती जुन्यावर भांडी द्यायला. तिला दिलं. केवढं पातेलं दिलं बघ तिनं. बाळाचं पाणी तापवायला होईल."

जर्मनचं पातेलं चुलीशेजारी पालथं घातलेलं होतं. शकुन त्याच्याकडे बघत राहिली.

"मला विचारलं का नाहीत?"

"अगं, बाळंतपणात गेलेल्या बाईचं वस्त्र ते. तान्ह्याच्या अंगाला लावतात का कुणी? तुझं पोटुशीचं मन, तुला कशाला विचारून घाबरवायचं? मनोहरला विचारलं की मी. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर."

सासूबाईंवर उसळलेला राग तिथंच थबकला आणि नवऱ्याची वाट बघत दार धरून बसला. मनोहर फोर्ट विल्यमच्या कचेरीतून यायला अजून दोन तास होते. शकुननं ते दोन तास पाणीसुद्धा घेतलं नाही.

तो आला, बूट काढायला वाकला.

"बूट राहू देत," ती म्हणाली. "माझ्या आईचं लुगडं देऊन टाकायचं का, असं तुम्हाला विचारलं होतं?"

"हो, म्हणजे... सकाळी घाईत होतो गं. जुनंच तर होतं. आपण न्यू मार्केटमधून छानसे पडदे आणू."

"तुम्ही हो म्हणालात."

"आईचं मन मोडवेना."

"म्हणून माझी आई मोडीत काढलीत." तिनं पातेलं त्याच्या हातात दिलं. "मोलकरीण सांगत होती, त्या बायका कालीघाटच्या पुलापाशी राहतात. जा, घेऊन या."

"मी? पातेलं घेऊन वस्तीत हिंडू?"

"लुगडं द्यायला लाज वाटली नाही, आणायला वाटते?"

"तो दमून आलाय," सासूबाई आतून म्हणाल्या. मनोहर गेला.

दिवेलागणीला परतला. पातेलं वाहून हात काळे, काखेत निळी घडी. घडी लहान होती.

"तिनं दुपारीच फाडलं होतं. तिच्या सुनेलाही दिवस गेलेत, तिच्या बाळासाठी कांथा, त्यांची गोधडी, शिवायला घेतलाय. उरलेलं अर्धं दिलं. पातेलंही तिलाच ठेवायला सांगितलं." तो घुटमळला. "तिनं विचारलं, बाबू, आईचं होतं तर दिलंत कशाला?"

शकुनला त्या न पाहिलेल्या सुनेचाही राग आला. तो अन्यायाचा आहे हे कळूनही कमी होईना. तिनं घडी उलगडली. पदर गेला होता, कुंची गेली. झोळीपुरतं होतं.

"झोळी तरी नको गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "माझं ऐक."

"आई, तुम्ही माझ्यासाठी इतक्या लांबून आलात, ते मी विसरणार नाही. पण माझी आई मरायला नव्हती गेली. बाळ आणायला गेली होती. माझं बाळ तिच्याच लुगड्यात निजेल." तिनं घडी पुन्हा नीट घातली. "आणि या खोलीत काय यायचं, काय जायचं, ते मला विचारून. तुम्हीही. हेही."

मनोहर मान खाली घालून हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती त्या खोलीत जमिनीवर पाय पसरून शिवत बसली. दोन-तीनदा सुई बोटात गेली, कारण हात अजून रागातच होता. दहाच्या सुमारास सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या; शकुनच्या पायांना सूज होती, त्या रोज चोळून देत. नेहमीसारख्या सरळ आत शिरणार, तोच उंबऱ्याशी थबकल्या.

"शकुन, आत येऊ का?"

शकुननं टीप काठापर्यंत नेली, दोरा दातानं तोडला.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि सुईत दुसरा दोरा ओवायला घेतला.

सासूबाई वाटी घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.