खोडरबराखाली गेलेली ओळ

मित्रांनो, मी संगीताच्या मासिकाचा एक जुना अंक आहे. माझं मुखपृष्ठ सुटलंय, पण म्हणून मला भेळेचा कागद समजू नका. निपाणीचे पेटीमास्तर भीमाप्पा मला रोज पेटीवर उघडून बसत. एकदा माझ्या समासात त्यांनी स्वतः बांधलेल्या चालीचं नोटेशन पेन्सिलनं लिहिलं. चारच ओळी, पण दुसरीकडे कुठेच नसलेल्या. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असायचो.

पुढे घर बदलताना मी चुकून रद्दीत गेलो आणि फिरत फिरत बेळगावात, टिळकवाडीच्या गोमटेशकडे पोचलो. तो जुनी संगीत मासिकं ऑनलाइन विकतो. त्यानं टाकलेल्या अंधुक फोटोत भीमाप्पांच्या मुलीनं, पारमितानं, वडिलांचं अक्षर ओळखलं; ओळी मात्र वाचता येत नव्हत्या. आजारपणानंतर भीमाप्पांना त्या चालीची पहिली ओळच आठवत होती. बाकीच्या तीन फक्त माझ्याकडे होत्या.

पण तिनं हे सांगितलंच नाही. गरज दिसली की जुन्या अंकाचा भाव चढतो, हे तिला ठाऊक होतं. "अंक स्वच्छ पाहिजे," एवढंच तिनं साध्या गिऱ्हाइकासारखं लिहिलं. आणि गोमटेश पडला सचोटीचा माणूस! समासातल्या पेन्सिलच्या खुणा पुसायला त्यानं खोडरबर हातात घेतलं.

पहिली ओळ गेली. त्यानं पुसलेल्या जागेपुरताच फोटो काढून तिला पाठवला, फोन बाजूला टाकला आणि दुसऱ्या ओळीवर घासू लागला. तेवढ्यात शेजारचा गठ्ठा घसरून फोनवर पडला. खाली फोन थरथरत होता. मला कळत होतं, त्याला नाही. अरे, उचल की! पण मला कुठलं तोंड? दुसरी ओळही गेली. रबर तिसऱ्या ओळीवर टेकलं, तेव्हा कुठे त्यानं गठ्ठा सारला आणि फोन उचलला.

"अण्णा, हात थांबवा! त्ये माझ्या आप्पांचं अक्षर हाय!" पलीकडून पारमिता ओरडली.

"आधी सांगायचं न्हाय व्हय, आक्का?" गोमटेशनं रबर खाली ठेवलं. "तुमच्यासाठीच पुसत हुतो की."

"भाव वाढवशिला म्हणून बोलले न्हाय," ती रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मला घेऊन निपाणीला गेला. पैसे घेतले नाहीत. भीमाप्पांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. कोऱ्या जागेवर बोट फिरवत राहिले. मग तिसरीपासून पुढे गायले.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा भाव जरूर करा. पण ती का हवी आहे, तेही सांगा. आणि काही पुसण्याआधी विचारा. मी आता पुन्हा पेटीवर असतो. भीमाप्पा रोज गातात, रोज तिथेच थांबतात, आणि पारमिता रोज मान खाली घालते.