घरधन्याने धुतलेलं फडकं

मी ओट्यावरचं फडकं बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा. मलाही माझ्या वासाची किळस येते. पण हल्ली माणसांची त्याहून जास्त येते, म्हणून तोंड उघडलं.

माझा जन्म एका बाळंतिणीच्या गाउनातून झाला. मुलगी रांगायला लागली, गाउन विरला, तेव्हा बाईने तो टराटरा फाडला आणि माझ्या वाट्याला ओटा आला. बाई चित्रकार. मुलगी झोपली की त्याच ओट्यावर चित्रं काढायची. उतू गेलेलं दूध, सांडलेला चहा, मुलीची ओकारी, औषध, रंग, सगळं मीच टिपलं. घरधनी जेवून माझ्यावर हात पुसायचा आणि मला सिंकमधल्या खरकट्यात फेकायचा. एवढीच आमची ओळख.

समोर टीव्ही. त्यातल्या जाहिरातीत एक बाई पांढरेशुभ्र कपडे घालून, आधीच लखलखणारा ओटा हसत हसत पुसायची. तिच्या फडक्याला आंबलेलं दूध कधी शिवलं नसावं. बाईही तिला पाहून चिडायची.

बाईचा मैत्रिणींचा एक गट होता. सगळ्या चित्रकार, सगळ्या आया. त्यातली थोरली, जिला सगळ्या माई म्हणत, एकदा म्हणाली, "त्या टीव्हीवालीला उत्तर द्यायचंय ना? मग प्रदर्शनात आपापली फडकी टांगू. न धुता, डागांसकट."

"लोक नाक दाबतील," बाई म्हणाली.

"दाबू देत. आपण रोज दाबतोच की."

झालं. बाईने मला धुणं बंद केलं. रोज एखाद्या डागाभोवती ती लाल दोऱ्याने टाके घालायची आणि शेजारी तो कशाचा ते भरायची. दूध. ताप. ओकारी. माझ्याकडे इतकं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. मी तर फुशारूनच गेले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाई मुलीला घेऊन दवाखान्यात गेली आणि इकडे घरधन्याला प्रेमाचा उमाळा आला. आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेल्या त्या माणसाने मला ब्लीच ओतून मशिनमध्ये घातलं, वर इस्त्री केली. बाई आली तशी दारातच मला तिच्यापुढे धरलं.

"बघ. म्हटलं, उद्या तुझा कार्यक्रम, जरा मदत करावी."

बाईने मला उलटंसुलटं करून पाहिलं. लाल दोरे होते, आत डाग नव्हते.

"अरे, तेच तर चित्र होतं."

"मला काय माहीत? मळकं होतं ना."

इतके दिवस त्याच्या डोळ्यांदेखत टाके पडत होते. एकदाही विचारलं नाही की काय करतेस.

बाईने मला तसंच टांगलं. खाली लिहिलं, 'नवऱ्याने एकदा धुतलं.' लोक वाचून चक्क गहिवरले. "नशीब काढलंस गं, असा नवरा मिळायला!" बातमीदाराने घरधन्याला माझ्याशेजारी उभं केलं आणि बाईला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा." गडी लाजला, पण हलला नाही. शी!

प्रदर्शन आटोपलं, मी घरी खुंटीवर परतले. रविवारच्या पेपरात त्याचा हसरा फोटो आला, खाली 'पत्नीच्या कलेला साथ देणारा पती'. बाईचं नाव कुठेच नाही. ती वाचत असतानाच दूध उतू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला, मागे घेतला. मग तोच पेपर चुरगळला आणि त्या हसऱ्या तोंडाने ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळं पुसून काढलं.

पुढच्या प्रदर्शनात तो पेपर टांगायचा, असं माईने ठरवलंय. सध्या तो कपाटावर वाळतोय. आंबूस वास सुटलाय, मुंग्या लागल्यात. मी पुन्हा ओट्यावर रुजू झालेय, माझी तक्रार नाही. फक्त घराघरातल्या घरधन्यांना हात जोडून एक सांगणं आहे. या वेळी कोणी मदत करू नका.