व्याह्यांच्या परसातलं कारंजं

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण, आणि आमची सुनंदा अजून सासरीच होती. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. गल्लीतल्या बाकीच्या लेकी येऊन झोक्यावर बसल्यासुद्धा. सकाळी जपाला बसले तर माळ पुढे सरकेना. मणी हातात आणि लक्ष दाराकडे.

लेकीला आणायला मुराळी म्हणून हे निघाले, ते थापी, पान्हे आणि पिशवीत सिमेंट घेऊन. व्याह्यांचा निरोपच तसा होता: आधी कारंजं धड करा, मग पोर न्या. मुराळ्याबरोबर कोणी आई जात नाही, पण मला घरी बसवेना. मीही धुळ्याच्या एसटीत चढले.

जळगावात सोनारांनी, डाळमिलवाल्यांनी बंगले बांधले तसा ह्यांना परसातल्या हौदांचा, कारंज्यांचा धंदा लागला. असलंच एक पाहून झुलालआबा, आमचे व्याही, म्हणाले, आमच्या देवपुरातल्या घरीही पाहिजे. ह्यांनी माघात हौसेनं बांधून दिलं. पुढे हौद, भिंतीकडच्या कडेला दगडांची रास, राशीवर सिमेंटची थाळी. मोटर पाणी थाळीत चढवते, थाळी भरली की पाण्याची झालर पुढे हौदात पडते. थंडीत नळ वाहता होता, कोणाला काही कळलं नाही. उन्हाळा लागला, नळ आठवड्यावर गेला, तसं हौदातलं पाणी रोज खाली जाताना दिसायला लागलं.

विहीण यशोदाबाई दारातच उभ्या होत्या.

"बठ्ठं पानी उतरी जास, भाऊ. सांजले मासा उघडा पडतस. आते मी काय त्या पदरमा धरी बसू?"

"पाहतो ना, अक्का."

"पाहा. उद्या मनी पोर येई माहेरले. तिले काय कोरडा हौद दखाडू?"

त्यांची पोर येणार, म्हणून आमची अडली होती.

सुनंदा डोक्यावरचा पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अर्ध्या वाटेत थबकली. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी तोंडात घेत नाहीत. आमचा फिरकीचा तांब्या आम्ही घरून भरून आणला होता. ती तशीच परत गेली. यशोदाबाईंनी पाहिलं.

हे हौदात उतरले. पाण्याच्या कडेला कोळशानं रेघ ओढली, कोपरा न कोपरा हातानं चाचपला. कुठे चीर नाही. मी ऊठबस करत होते. माजघरात सुनंदाची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती. झुलालआबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"काय रतिलालभाऊ, जयगावना मिस्तरी धुयाना पानीले हारना का?"

हे हसले, पण कान लाल झाले होते.

दुपारी लाइट गेली. मोटर थांबली, झालर थांबली. ह्यांनी पाण्याच्या कडेला नवी रेघ ओढली. लाइट येईपर्यंत पाणी त्या रेघेला चिकटून होतं, जरा म्हणून हललं नाही. मोटर सुरू झाली आणि रेघ उघडी पडायला लागली. म्हणजे हौद गळतच नव्हता. कारंजं चालू असतानाच पाणी कुठेतरी पळत होतं.

राहिलेला जप पुरा करावा म्हणून मी भिंतीजवळ मधुमालतीच्या सावलीत गेले. एवढ्या उन्हात तो वेल कसला फोफावला होता! खाली पाय टेकवला तर चिखल. दगडांच्या मागच्या अंगाला हिरवंगार शेवाळ.

मी हळूच ह्यांना म्हटलं, "जरा मागे या बरं."

ह्यांनी शेवाळावरून हात फिरवला. मान वर करून थाळीकडे पाहत राहिले.

"नळी," एवढंच म्हणाले.

मिस्तरी लोक लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतात. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीला राहतं. एक टोक बादलीत सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. पण माघात ह्यांनी तोंड लावलंच नव्हतं. लेकीच्या घरचं पाणी! वरून तांब्यानं ओतलं. आत बुडबुडा अडकला, नळीनं खोटं सांगितलं आणि थाळी भिंतीकडे कलती बसली.

ह्यांनी बाहेर येऊन जसं घडलं तसं सांगितलं. यशोदाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हंजे आमनं पानी तोंडमा लेवाले चालत नही, नि आमना पानीमा कंबरलोंग उभं राह्याले चालस?"

आबा ठसका लागेपर्यंत हसले. आम्ही दोघं खाली मान घालून उभे.

ह्यांनी नळी बादलीत सोडली. दुसरं टोक ओठांपर्यंत नेलं आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. माझे नेम ह्यांना ठाऊक. ओढा, देव काही रागवायचा नाही, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात यशोदाबाईंनी हिसकन नळी घेतली.

"आना इकडे! आमना घरनं पानी, आमले काय भेव?"

त्यांनी असा काही जोर लावला की पाणी घशात गेलं, नाकात गेलं, पदर ओला झाला. सुनंदा मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडावर हात धरला.

थाळी भिंतीकडे अंगठाभर खाली होती. ह्यांनी ती उचलून खाली फरशीचा तुकडा सारला, सिमेंट भरलं. संध्याकाळच्या जळगाव गाडीची वेळ होत आली होती.

"चला, करा चालू," आबा म्हणाले. "झालर पडनी का पोर लई जा."

हे माझ्याजवळ आले. "आत्ता चालवलं तर तासभर पडेल झालर. तोवर आपण पारोळ्याच्या पुढे. मग सिमेंट वाहून जाईल."

मी नाही म्हणायला हवं होतं. जीभ उचलेना. हो पण म्हटलं नाही. हातातली माळ तेवढी आवळून धरली.

ह्यांनी हात धोतराला पुसले. "आबा, आज नाही चालवता यायचं. उद्याही नाही. आखाजी होऊ द्या, मग सुरू करा."

अडकित्ता थांबला. "मंग आमनी पोर येई, ती काय देखी?"

सुनंदा माजघरात गेली. पिशवीतून लुगडी बाहेर काढल्याचा आवाज आला. मग मात्र मला राहवेना.

"यशोदाबाई," मी म्हटलं, "तुमची लेक उद्या कारंजं बघायला येतेय की तुम्हाला?"

त्या पदर पिळत होत्या. पिळता पिळता थांबल्या. रस्त्याकडे पाहिलं, जसं मी जळगावात सकाळी दाराकडे पाहत होते.

"मी बी कवयनी तिनीच वाट देखी राह्यनू," त्या म्हणाल्या. मग आत तोंड करून ओरडल्या, "सुनंदा! काय करी राह्यनी वं? गाडी चुकी जाई ना!"

"नि कारंजं?" आबांनी विचारलं.

"ते बी गयं म्हना माहेरले."

पिशवी पुन्हा कशीबशी भरली. एक पदर बाहेर लोंबतच राहिला. ह्यांनी हातावरचं सिमेंटसुद्धा धुतलं नाही. रिक्षा सुरू झाली तसे हे मान बाहेर काढून म्हणाले, "अक्का, दोन्ही वेळा पाणी मारा हो त्याच्यावर! तडकू देऊ नका!"

"मारसू, मारसू! पोरले सांभाळा!"

सुनंदा आमच्या दोघांच्या मधे बसली होती आणि रिक्षावाल्याला सारखी म्हणत होती, "भाऊ, जरा लवकर घ्या ना."