संजयच्या बागेतली अंजिरं

“घ्या हो, लाजू नका. आमच्या संजयच्या बागेतली आहेत.”

संजयच्या आईने प्रसादाचं ताट ईश्वरपुढे धरलं. शिऱ्याच्या शेजारी पाच-सहा पिकलेली अंजिरं मांडली होती. ईश्वरने ती लगेच ओळखली. ओळखणार नाही तर काय! त्याच सकाळी त्याने स्वतःच्या परसातून ती हलक्या हाताने खुडली होती आणि केकच्या खोक्यात कागद अंथरून इथे आणून दिली होती.

त्याने संजयकडे बघितलं. दहा वर्षांपासूनचा मित्र. संजय सोफ्याच्या पलीकडे हँडीकॅमला झाकण लावत होता, आणि ते झाकण काही केल्या लागेना.

“सासवडची आठवण झाली बघा,” आई म्हणाल्या. “ह्या बर्फाच्या देशात माझ्या पोरानं अंजीर पिकवलं!”

ईश्वरने एक उचललं आणि खाल्लं. आपलंच फळ, दुसऱ्याच्या नावावर, आणि वर “छान आहे हो” म्हणायचं. आता बोला!

खरं तर ईश्वर नागपूरचा, म्हणजे संत्र्यातला माणूस. अंजिराचं झाड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. अमेरिकेत, ह्या श्रूजबरी गावात नवीन असताना ऑफिसात डबा खाता खाता संजय एकदा म्हणाला, “यार, इथे सगळं मिळतं, फक्त झाडावरचं अंजीर नाही.” झालं. ईश्वरने ते मनावर घेतलं. ईश्वरच्या शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याकडे छातीएवढं बुटकं अंजीर होतं. त्याच्या मागे लागून दोन काटक्या आणल्या, रुजवल्या. एक आपल्या परसात लावली, एक संजयच्या.

इथल्या हिवाळ्यात अंजीर उभं राहिलं तर मरतं, त्याला निजवावं लागतं. नोव्हेंबरात पानं गळली की फांद्या दोराने आवळायच्या, एका अंगाची मुळं तोडायची आणि झाड हळूहळू चरात आडवं करायचं. वर फळ्या, सुकी पानं, जुना गालिचा, ताडपत्री. एप्रिलमध्ये पुन्हा उठवायचं. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने बुंध्याशी पाय रोवायचा, दुसऱ्याने खोड तोलायचं. दरवर्षी दोघं मिळून दोन्ही झाडं निजवायचे आणि मग ईश्वरच्या घरी त्याच्या बायकोच्या, रत्नाच्या हातचे पोहे खायचे.

गेल्या हिवाळ्यात मात्र संजयच्या ताडपत्रीची कड उघडी राहिली. उंदरांनी आत शिरून साल कुरतडली, वरच्या फांद्या वाळून झाड खोडापासून नव्याने फुटलं, आणि यंदा त्याला फळ म्हणून आलं नाही. म्हणून तर त्याचा फोन आला होता. “आई आलीय, सत्यनारायण करतोय. तुझी अंजिरं दे ना यार नैवेद्याला.”

ईश्वर बौद्ध. पूजाअर्चा त्याच्या घरात नाही. संजयकडे तो पूजेला नव्हे, जेवायला जायचा, आणि दोघं त्यावरून एकमेकांची थट्टाही करायचे. पण मित्राने आईसाठी हक्काने आपल्या घरचं फळ मागितलं, ह्याने तो सुखावला होता. रत्ना तेव्हाच म्हणाली होती, “मागितली खरी. पण कुणाची ते सांगेल का?” तो तिच्यावर चिडला होता.

जेवणं झाल्यावर संजयने त्याला गराजमध्ये गाठलं. “अरे, आईचं सोवळं तुला माहीत नाही. तुझं नाव सांगितलं असतं तर तिनं आडनाव विचारलं असतं. उगाच तिचा मूड ऑफ. ओल्ड जनरेशन आहे, समजून घे ना यार.”

“म्हणजे माझी अंजिरं चालतात, मी नाही.”

“असं कुठे म्हणतोय मी?”

“मग कसं म्हणतोयस?”

संजयने खांदे उडवले. ईश्वर घरी आला आणि झोपून गेला.

नोव्हेंबरात त्याने आपलं झाड रत्नाला घेऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी संजयचा फोन आला, “माझं कधी करायचं?”

“जाऊ नका,” रत्ना म्हणाली. “आपलं आपण केलं, त्याचं तो करेल.”

“झाडानं काय वाकडं केलंय?” ईश्वर म्हणाला आणि फावडं गाडीत टाकलं. खरं सांगायचं तर झाड हे निमित्त होतं. संजय काहीतरी बोलेल, निदान चुकलं म्हणेल, ही आशा त्याला सुटत नव्हती.

संजय हवामानाबद्दल बोलला. मुळं तोडून झाली. ईश्वरने खोड छातीशी घेतलं, संजयने पाय रोवला, झाड अर्धं वाकलं, तोच साडीवर जाड कोट घातलेल्या आई मागच्या दारातून बाहेर आल्या.

“हे कोण रे? पूजेला आले होते ना?”

“हो. ऑफिसमधले आहेत,” संजय म्हणाला. “मदतीला बोलावलंय.”

ऑफिसमधले! ईश्वरने हात सोडले असते तर खोड तिथेच मोडलं असतं. त्याने सोडले नाहीत. झाड सावकाश चरात टेकवलं. फळ्या लावल्या, पानं पसरली, निळी ताडपत्री ओढून चारी कडांवर दगड ठेवले, एकही कड उघडी राहू दिली नाही. मग हात झटकून तो आईंसमोर उभा राहिला. ह्या घरी तो नेहमी नमस्कार म्हणायचा.

“जय भीम, आई,” तो म्हणाला. “ती पूजेची अंजिरं माझ्या घरची होती.”

 आईंनी हात जोडले.

“तुमची होती होय? फार गोड होती हो.” त्या मुलाकडे वळल्या. “अरे, मग सांगायचं नाही का? मी काय खाल्ली नसती?”

संजय खाली बघून बुटाची माती पुसायला लागला.

आजवर ईश्वरने सगळा दोष त्या म्हातारीच्या सोवळ्यावर टाकला होता. तेवढ्यावर मैत्री तगून होती. आता टाकायला दुसरं कुणीच उरलं नाही. लाज वाटत होती ती संजयला, दहा वर्षं पोहे खाणाऱ्या संजयला. ईश्वरला इतकं फसवल्यासारखं उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

“ईश्वर, अरे थांब, कॉफी तरी...”

त्याने फावडं गाडीत ठेवलं आणि गाडी चालू केली.

एप्रिलमध्ये ईश्वरने आणि रत्नाने आपलं झाड उठवलं. त्या महिन्यात घरचा फोन दोनदा वाजला आणि उचलायच्या आत थांबला; ऑफिसात संजय कामापुरतंच बोलायचा. कामावर जाताना संजयचं परस रस्त्यावरून दिसायचं. मे उजाडला, सगळीकडे हिरवं झालं, तरी तिथली निळी ताडपत्री तशीच होती, चारी कडांवर ईश्वरने ठेवलेले दगड घेऊन.